१५ महिन्यांचं नर्सिंग (एबीएसएन) करायचा विचार आहे, मला झेपेल का? बीएस्सी मायक्रो, वय ३१

अबोली_डिचोली

नमस्कार सगळ्यांना. मी डिचोलीची, २०१५ ला बीएस्सी केलं मायक्रोबायोलॉजी घेऊन, मग वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते, मुलगा झाल्यावर नोकरी सुटली ती सुटलीच. मिस्टर न्यू जर्सीला आहेत एच-वन-बी वर्क व्हिसावर, त्यांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह झालंय, आता चवथ झाली की मी आणि मुलगा (४ वर्षांचा आहे) तिकडे जाणार. तिकडे गेल्यावर नुसतं घरात बसायचं नाही हे पक्कं आहे.

गेल्या वर्षी सासऱ्यांना स्ट्रोक आला तेव्हा बांबोळीच्या हॉस्पिटलात बरेच दिवस त्यांच्याजवळ मीच होते, नळीतून भरवणं, कूस बदलणं सगळं सिस्टरांकडून शिकले, आणि खरं सांगायचं तर लॅबमध्ये प्लेटी मोजताना कधी वाटलं नव्हतं ते तिथे वाटलं, की हे काम मला आवडेल. तेव्हापासून डोक्यात नर्सिंगच आहे. मिस्टरांनी शोधून दिलं की अमेरिकेत दुसऱ्या विषयात डिग्री असलेल्यांसाठी ॲक्सलरेटेड बीएसएन (नर्सिंगची डिग्री कमी वेळात) असतं, १२ ते १८ महिन्यांत संपतं आणि नंतर आरएनची, म्हणजे रजिस्टर्ड नर्सची परीक्षा देता येते. घरी सगळ्यांचं वेगवेगळं मत. आई म्हणते चार वर्षांचं पंधरा महिन्यांत शिकवतात म्हणजे काहीतरी गाळत असणार, सासूबाई म्हणतात बाळाकडे कोण बघणार, आणि माझ्या मनात येतं की असाच छोटा कोर्स इथे गोव्यात मिळाला तर इथूनच करून का जाऊ नये, माहेर आहे मदतीला. ज्यांनी केलंय किंवा जे नर्सिंगमध्ये आहेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा, गोड गोड नको.

म्हापशेकर_आरएन

अबोली, मी केलंय एबीएसएन. फर्मागुडीला इंजिनीअरिंग केलं होतं, त्यात मन रमलं नाही, इकडे आल्यावर नर्सिंगला गेले, आता कार्डिॲक फ्लोअरला आहे आणि काम मनापासून आवडतं.

आधी तुझ्या आईचं उत्तर देते कारण प्रश्न अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या चार वर्षांच्या बीएसएनमध्ये पहिली साधारण दोन वर्षं इंग्लिश, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, केमिस्ट्री, ॲनाटॉमी असले विषय असतात, खरं नर्सिंग पुढच्या दोन वर्षांत. तुझ्याकडे आधीची डिग्री असली की ते जनरल विषय त्यात धरले जातात, ॲनाटॉमी वगैरे तू प्रवेशाच्या आधी वेगळं करून यायचं, आणि उरलेलं नर्सिंग सुट्ट्या काढून टाकून सलग शिकवतात. म्हणजे गाळत काही नाहीत, क्लिनिकल (हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम) आणि परीक्षा त्याच, फक्त श्वास घ्यायला मधे जागा नाही. आणि हे १५ महिने जे जाहिरातीत दिसतात त्यात प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय, बहुतेक वेळा धरलेले नसतात. ॲनाटॉमी फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रो, केमिस्ट्री, स्टॅट्स, ह्युमन डेव्हलपमेंट, बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन, हे सगळं करायला एक वर्ष सहज जातं. तेव्हा घरी सांगताना अडीच वर्षं सांग.

आता तुझ्या केसमध्ये मला दोन गोष्टी खटकल्या त्या सांगते. एक म्हणजे तुझं बीएस्सी तीन वर्षांचं. इकडची बॅचलर चार वर्षांची, त्यामुळे तुझी डिग्री इकडच्या बॅचलरइतकी धरायची की नाही हे आधी ठरतं. परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या एजन्सीकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं, काही तीन वर्षांच्या भारतीय डिग्र्या कॉलेजची नॅक ग्रेड बघून मान्य होतात, पण एजन्सीने मान्य केली तरी नर्सिंग स्कूल करेलच असं नाही, प्रत्येक स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल टाकून लेखी उत्तर घे. माझी डिग्री चार वर्षांची होती म्हणून हे मला आलं नाही, पण माझ्या बॅचला यायची इच्छा असलेली एक मराठी मुलगी याच्यावरच अडकली होती. दुसरं, सायन्सचे विषय बऱ्याच स्कूलांना गेल्या ५ ते ७ वर्षांतले लागतात. तुझं २०१५ चं आहे. म्हणजे मायक्रोबायोलॉजीत डिग्री असूनही मायक्रो परत करायला सांगतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तो विषय तुला सोपा जाईल आणि जीपीए (सरासरी ग्रेड) वर येईल, बहुतेकांना ३.० च्या वर लागतो आणि जिथे गर्दी असते तिथे तेवढ्यावरही भागत नाही.

आता आठवडा कसा जातो ते. सोमवार मंगळवार लेक्चर, बुधवारी स्किल्स लॅब, नंतर दोन दिवस क्लिनिकल, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, पण आधीच्या शिफ्टचा रिपोर्ट ऐकायला साडेसहाला हजर. घरी येऊन केअर प्लॅन लिहायचा, म्हणजे तुझ्या पेशंटचा प्रॉब्लेम काय, कुठली लॅब व्हॅल्यू वरखाली आहे, कुठलं औषध कशासाठी, देण्याआधी काय तपासायचं, पल्स ६० च्या खाली असेल तर मेटोप्रोलॉल (नाडी मंद करणारं औषध) थांबवून डॉक्टरला फोन का करायचा, हे सगळं. शनिवार रविवार अभ्यास आणि सोमवारी परत परीक्षा. पासिंग ३५ वर नाही हं, साधारण ७५ ते ८० च्या मधे कुठेतरी असतं आणि औषधाच्या डोसच्या गणितात काही ठिकाणी ९० तर काही ठिकाणी पूर्ण १०० लागतात. रेग्युलर कोर्सला एक विषय गेला तर पुढच्या सेमिस्टरला घेता येतो, इथे एक विषय गेला की तुझी बॅच पुढे जाते आणि तू पुढच्या बॅचची वाट बघत बसतेस, बऱ्याच स्कूलांत दोनदा गेलं तर नावच काढतात.

आणि आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट फार जड जाते, घोकंपट्टी सोडणं. परीक्षेत चारही पर्याय बरोबर असतात! चार पेशंट दिलेत, आधी कोणाला बघशील. एकाला दुखतंय, एकाला घरी जायचंय, एकाची शुगर २१० आहे आणि एकजण मगापासून जरा गोंधळल्यासारखा बोलतोय, तर तो गोंधळलेला आधी, कारण मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय का, शुगर उतरलीय का, स्ट्रोक आहे का, हे लगेच बघावं लागतं. आरएनच्या लायसन्सची परीक्षा, एनक्लेक्स-आरएन, अख्खी अशीच आहे आणि एप्रिल २०२३ पासून तर त्यात अख्ख्या केस येतात, कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. हे विचार करण्याचं वळण लागायला रेग्युलर कोर्सच्या मुलांना जास्त वेळ मिळतो, आपल्याला पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावं लागतं.

माझं मत विचारशील तर बुद्धीची काळजी तू करूच नकोस. बाळाची व्यवस्था मात्र कागदावर लिहून काढ. सकाळी सहाला तू घरातून निघणार, त्याला उठवणार कोण, शाळेत सोडणार कोण, ताप आला तर सुट्टी कोण घेणार, कारण क्लिनिकल चुकवता येत नाही, एकदोन चुकले की भरून काढायला लावतात नाहीतर फेल. आमच्या बॅचला दोन मुलांची आई होती आणि ती चांगल्या मार्कांनी पास झाली, पण तिची आई घरी राहायला आलेली. मिस्टर ऑफिस सांभाळून हे करणार का, ते त्यांच्या तोंडून ऐक, तूच गृहीत धरू नकोस.

बांबोळी_वॉर्ड

बाय, मी बांबोळीच्या बाजूला स्टाफ नर्स, बरीच वर्षं झाली. अमेरिकेचं मला माहीत नाही, वर ताईने छान सांगितलंय. मी दोन गोष्टी सांगते.

गोव्यात असा छोटा कोर्स मिळेल का विचारलंस, तर नाही. गोव्यात काय आणि भारतात काय, दुसऱ्या विषयाची डिग्री आहे म्हणून नर्सिंगची वर्षं कमी करून मिळत नाहीत. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, आणि पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं आहे ते फक्त आधी जीएनएम झालेल्यांना. तू बीएस्सी असलीस तरी पहिल्या वर्षापासूनच. त्यामुळे कोणी एजंट सहा महिन्यांत नाहीतर वर्षात नर्सिंगचा डिप्लोमा आणि परदेशात नोकरी असं सांगायला लागला तर सरळ विचार, इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या यादीत तुमचं नाव दाखवा आणि स्टेट काउन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन होणार का ते सांगा. पेशंट असिस्टंट किंवा होम केअरचे कोर्स असतात, ते वाईट नाहीत, पण त्याने नर्स होत नाही. अशा कागदावर लाख दीड लाख घालवून रडत आलेली मुलं मी बघितलीयत.

दुसरं कामाबद्दल. सासऱ्यांची सेवा केलीस आणि आवडली, ही चांगली खूण आहे गो, मी ती हलकी मानत नाही. पण आपल्या माणसाचं करणं आणि अनोळखी माणसाचं करणं यात फरक आहे तो तुला आधी कळायला पाहिजे. आपल्या माणसाला आपण एकटं बघतो. वॉर्डात एकाची कूस बदलून होते तोवर तिसऱ्या बेडची सलाईन संपलेली, नवीन ॲडमिशन दारात स्ट्रेचरवर, नातेवाईक ओरडतोय, आणि डॉक्टर राऊंडला आले. पलंगावर पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि नुसती बदलायची नाही, टाच, माकडहाड, कानाची मागची बाजू बघायची, लाल झालंय का, बोटाने दाबल्यावर पांढरं होतं का, दाबूनही लालच राहिलं तर तिथे बेडसोर सुरू झाला समजायचं. हे रात्री तीन वाजता, पाय दुखत असताना, सगळ्यांचं करायचं, आणि कोणी बघायला नसताना करायचं. मला विचारशील तर नर्स कोण हे तिथे ठरतं.

आणि घाणीची शिसारी हा प्रश्न सगळे विचारतात, ती महिन्याभरात जाते, त्याचं काही नाही. पेशंटची लाज सांभाळणं जास्त अवघड. आपल्या गावातला, बापाच्या वयाचा माणूस, आयुष्यभर कोणाकडून पाणी मागून प्यायला नसेल, त्याचं बेडपॅन काढताना तू पडदा ओढतेस का, तोंड कुठे करतेस, त्याच्याशी त्या वेळी काय बोलतेस. मी तर पावसाचं नाहीतर मासळीच्या भावाचं काहीतरी काढते, माणूस सैल होतो. तुला अजून जायला वेळ आहे, तोवर एखाद्या वृद्धाश्रमात किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या माणसांबरोबर जाऊन थोडे दिवस मदत कर, ओळखीच्यांकडे नको, अनोळखी ठिकाणी. सासऱ्यांजवळ जे वाटलं ते तिथेही वाटलं तर बेलाशक जा.

काणकोण_लेस्टर

युकेचं थोडक्यात सांगतो, गोव्यातले खूपजण पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आहेत म्हणून कोणाला तरी उपयोगी पडेल. इकडे पदवीधरांसाठी दोन वर्षांचा कोर्स असतो, आधीची डिग्री आणि थोडा आरोग्य क्षेत्रातला अनुभव बघतात. एनएमसीचा (इकडच्या नर्सिंग काउन्सिलचा) नियम एकूण ४६०० तासांचा, त्यातले अर्धे म्हणजे २३०० तास प्रॅक्टिसचे, आधीच्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे तास मोजून काही भाग माफ होतो म्हणून तीनऐवजी दोन वर्षांत बसतं. तास काय चुकत नाहीत कोणाला, प्लेसमेंटला नाईटही येतात. फी होमची (इथल्या विद्यार्थ्याची) लागणार की परदेशी विद्यार्थ्याची ते तुमच्या स्टेटसवर आणि इथे किती वर्षं राहिलात त्यावर, त्यात फार मोठा फरक पडतो, पासपोर्ट आहे म्हणजे होम फी असं समजू नका. अबोली, तुला हे लागू नाही, तू अमेरिकेचंच बघ.

पेडणेकर_न्यूजर्सी

अबोलीताई, माझी बायको इकडे आरएन आहे पण तिने एबीएसएन न करता कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली. कारण पैसे. खाजगी युनिव्हर्सिटीचं एबीएसएन ५०-६० हजार डॉलरच्या पुढे सहज जातं, कम्युनिटी कॉलेज त्याच्या मानाने फारच स्वस्त, आणि दोन्हीकडून परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन, लायसन्स एकच. फरक नोकरीला पडतो, मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात, म्हणून तिने नंतर नोकरी करता करता ऑनलाईन आरएन टू बीएसएन केलं. आणि तुमच्या डिग्रीचं तीन वर्षांवरून घोडं अडलं तरी हा रस्ता उघडा राहतो, असोसिएटला आधीची बॅचलर लागतच नाही. फक्त तिथेही प्रवेशाला रांग असते आणि प्रीरिक्विझिट तिथेही आहेत, म्हणजे एकूण वेळ बघितला तर एबीएसएनपेक्षा फार जास्त लागतो असंही नाही.

व्हिसाचं नीट बघा. एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या बायकोमुलांचा व्हिसा) शिकायला काही अडचण नाही, एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसा, घ्यायची गरज नाही. पण काम करायला एच-फोर ईएडी (कामाचा परवाना) पाहिजे, तुमच्या मिस्टरांचं आय-१४० अप्रूव्ह आहे म्हणजे तुम्ही ईएडीला अर्ज करू शकता, पोचल्यावर पहिलं काम ते करा. ईएडी आल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, क्लिनिकलच्या बॅकग्राऊंड चेकला आणि काही राज्यांत लायसन्सच्या फॉर्मवर तो मागतात. मुद्दाम सांगतो कारण काहीजण म्हणतील एफ-वन घ्या आणि ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची मुभा) वापरा, पण नर्सिंग ती मुभा वाढवून मिळणाऱ्या स्टेम विषयांच्या यादीत नाही, ओपीटी १२ महिन्यांचीच आणि त्यानंतर एच-वन-बी साध्या आरएनच्या जागेला सहसा मिळत नाही. एच-फोरवर सरकारी स्टुडंट लोनही नाही, म्हणजे फी खिशातून नाहीतर खाजगी कर्ज, त्याला ग्रीन कार्डवाला किंवा सिटिझन को-सायनर मागतात. इन-स्टेट (त्या राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी लागते का तेही आधी विचारून घ्या.

स्कूल निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नका. राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची मान्यता आहे का, नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या सीसीएनई किंवा एसीईएन संस्थेचं ॲक्रेडिटेशन आहे का, आणि पहिल्या प्रयत्नात किती टक्के मुलं एनक्लेक्स पास होतात. बोर्ड हे आकडे वेबसाईटवर टाकतं. त्याच्या जोडीला विचारा की बॅच सुरू झाली तेव्हा किती होते आणि शेवटी किती राहिले, कारण अर्धी मुलं गाळून बाकीच्यांचा पासचा आकडा छान दाखवता येतो.

अबोली_डिचोली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. तीन वर्षांच्या डिग्रीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. आज मिस्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलले, सकाळची शाळा आणि ताप आला तर सुट्टी हे त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले क्लिनिकलचे दोन दिवस त्यांना घरून काम घेता येईल पण ते मॅनेजरशी बोलून मगच पक्कं सांगतील, मला ते आवडलं. सासूबाईही सहा महिने यायला तयार झाल्या, व्हिजिटर व्हिसावर.

बांबोळीच्या ताईंचं वाचून सासऱ्यांना दाखवलं, ते वाचून म्हणाले ह्या सिस्टरने बरोबर लिहिलंय. पुढच्या आठवड्यापासून एका वृद्धाश्रमात जाणार आहे, मैत्रिणीच्या ओळखीने विचारलं, ते हो म्हणाले.

आता एकच विचारते, इथे असेपर्यंत मी आणखी काय काय करून ठेवू? तिकडे जाऊन परत गोव्यातून कागद मागवायला नको.

म्हापशेकर_आरएन

हे फार चांगलं विचारलंस. कागद सगळे गोव्यातच कर.

युनिव्हर्सिटीचं ट्रान्सक्रिप्ट, मार्कशीट नव्हे, ट्रान्सक्रिप्ट. ताळगावला परीक्षा विभागात जाऊन अर्ज कर, पण त्याआधी इव्हॅल्युएशन एजन्सीच्या वेबसाईटवर तुझं अकाउंट उघडून रेफरन्स नंबर घे, कारण बहुतेक एजन्सींना कागद युनिव्हर्सिटीकडूनच थेट किंवा त्यांच्या सीलबंद पाकिटात लागतात, तुझ्या हातात आलेलं फोडलेलं पाकीट चालत नाही. कॉलेजमधून बीएस्सीच्या प्रत्येक विषयाचा सिलॅबसही शिक्का मारून घे, लॅबचे तास लिहिलेला, कुठला विषय माफ करायचा का असं स्कूल विचारतं तेव्हा तोच दाखवावा लागतो. वेर्ण्याच्या कंपनीचं अनुभवपत्रही घेऊन ठेव.

लसीकरण. लहानपणीचं कार्ड सापडलं तर बघ, नाही सापडलं तरी घाबरू नकोस. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हेपटायटिस बी यांचं रक्तात अँटीबॉडीचं प्रमाण बघतात, त्याला टायटर म्हणतात. हेपटायटिस बीचे डोस झाले नसतील तर आत्ताच सुरू कर, तीन डोस सहा महिन्यांत होतात आणि पहिले गोव्यात घेतलेस तर तारखा आणि लॉट नंबर लिहून घे. टीबीचं मात्र नीट लक्षात ठेव. आपल्या सगळ्यांना बीसीजी दिलेली असते त्यामुळे हातावर सुई टोचून करतात ती टेस्ट कधीकधी पॉझिटिव्ह येते, मग एक्स-रे, मग कधी काही महिन्यांच्या गोळ्यांची चर्चा, आणि क्लिनिकल सुरू व्हायच्या तोंडावर नुसती धावपळ. तू आधीच सांग की बीसीजी झालीय, मला क्वांटिफेरॉन ब्लड टेस्ट द्या. बीसीजीने ती बिघडत नाही.

पोचल्यावर ईएडी येईपर्यंत ॲनाटॉमीच्या पहिल्या भागाला कम्युनिटी कॉलेजमध्ये नाव घाल, पेडणेकर दादांनी सांगितलेला रस्ता आणि एबीएसएन दोन्हीला तोच विषय लागतो त्यामुळे आत्ताच ठरवायची घाई नाही. ईएडी हातात आलं की सर्टिफाईड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स कर, केंद्राचा नियम कमीत कमी ७५ तासांचा आहे, काही राज्यांत जास्त, काही आठवड्यांत होतो, आणि शनिवार रविवार एखाद्या नर्सिंग होममध्ये काम घे. इंग्लिशमधून पेशंटशी बोलायची सवय होते, रिपोर्ट कसा देतात ते कानावर पडतं. न्यू जर्सीत नक्की कुठे राहणार ते कळव, त्या भागात कुठल्या स्कूलांचं क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात असतं ते मी माझ्या बॅचच्या मुलींना विचारून इथेच लिहिते.